‘तिसरी नोकरीही तिने सोडली’

पत्र थोडक्यात :

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी सात वर्षं नवऱ्याची मारहाण सोसून दीड वर्षापूर्वी माहेरी, भावाकडे परत आली. सोबत पहिलीतली मुलगी. शाळेच्या हजेरीपटावर ती मंगल होती, लग्नात वैशाली झाली. दहावी चांगल्या गुणांनी पास, ‘गणितात विशेष’, बारावी अर्धवट. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कोर्टात चालू आहे.

बाईंनी तिला वर्षभरात तीन कामं मिळवून दिली. पहिलं कापडाच्या दुकानात, नवरात्राच्या गर्दीत. मालकांना तिची सगळी हकीगत सांगितली, ते हेलावले आणि लगेच ठेवून घेतलं. दिवाळीनंतर आठ दिवसांत तिने ते सोडलं. मग महिला मंडळाने वर्गणी काढून शिलाई मशीन दिलं. ब्लाउज चांगले शिवायची, पण तीन महिन्यांत मशीनवर चादर पडली. जूनमध्ये ओळखीच्या शाळेत आयाची नोकरी. आधीच्या अनुभवावरून बाईंनी इथे काही सांगितलं नाही, उलट ‘कोर्टकचेरीचं काही नाही, साधी मुलगी आहे’ अशी हमी दिली. दोन महिन्यांत तिने तीन वेळा ‘आजारी आहे’ म्हणून दांडी मारली आणि तिसऱ्या वेळी शाळेच्या क्लार्कला ती कोर्टाच्या आवारात दिसली. नोकरी गेली. बाई लिहितात, ‘माझ्याशी खोटं बोलली याचं जास्त लागलं. हिला खरंच स्वतःच्या पायावर उभं राहायचंय का? आता पुण्याला माझ्या मुलीकडे पाठवावं म्हणते. तिला बाळासाठी घरात राहणारी बाई हवीच आहे. दोघींचंही भलं होईल.’

उत्तर :

बाई,

शिक्षिकेला आपल्याकडे बाईच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ‘हिला उभं राहायचंय का’ हा प्रश्न समुपदेशन केंद्राच्या टेबलामागे बसून मी वीसेक वर्षं ऐकते आहे. भाऊ विचारतो, आई विचारते, कधी आमचेच कार्यकर्ते चहा पिताना विचारतात. सुरुवातीच्या काळात मीही विचारलाय. तुमचं चार पानी पत्र वाचताना मात्र मी तिच्याऐवजी त्या तीन नोकऱ्यांकडे बघत होते. त्यांच्याकडे जरा परत जाऊ.

कापडाच्या दुकानाबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात, की पाडव्याला मालकांनी सगळ्या स्टाफचा नव्या साड्यांतला फोटो स्टेटसला ठेवला. मंगल त्यात इतकी छान दिसत होती, की तुम्हीही तो दोन-तीन ग्रुपवर पुढे पाठवलात. आणि त्यानंतरचं वाक्य आहे, ‘आठ दिवसांत काम सोडलं’. मी काही तिथे नव्हते. पण त्या आठ दिवसांत समोरच्या पानटपरीशी कोणी येऊन उभं राहायला लागलं होतं का, हे तिला एकदा एकांतात विचारा. अशा माणसाला दुकानात शिरायची गरज नसते. तो रस्त्यापलीकडे मोटरसायकलला टेकून उभा राहतो आणि इकडे हिच्या हातातली साडीची घडी सुटते. मालकाला तो दिसत नाही. त्यांना एवढंच दिसतं, की बाईचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नाही.

फोटोचं मनाला फार लावून घेऊ नका. चांगल्या मनाने पाठवलात. पण आता माहीत झालं तर हे इतरांनाही सांगा, कारण दुकानं, पार्लरं, दवाखाने सगळेच हल्ली ‘आमची टीम’ म्हणून फोटो टाकतात. घर सोडून आलेल्या बाईचा कामावरचा फोटो, तिच्या येण्याजाण्याची वेळ, बसस्टॉप, यातलं काहीही तिला विचारल्याशिवाय बाहेर जाता कामा नये.

याला कायद्यातही उत्तर आहे, आणि ते फार कमी वापरलं जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली जो संरक्षण आदेश मिळतो, त्यात ‘पत्नीच्या नोकरीच्या ठिकाणी जायचं नाही’ आणि ‘फोनवरूनही संपर्क करायचा नाही’ असं स्पष्ट लिहून घेता येतं. अर्ज चालू असतानाच कलम २३ खाली तात्पुरता आदेशही मागता येतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहुतेक अर्जांत सगळा भर पोटगीवर आणि राहत्या घरावर असतो, नोकरीच्या जागेचं कोणी लिहीत नाही, कारण अर्ज करताना नोकरीच नसते. तिच्या वकिलांना विचारा. वकील दाद देत नसतील तर तालुक्याचे संरक्षण अधिकारी आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन १५१००. आदेश मिळाला की एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची, एक तिच्या पर्समध्ये राहू द्यायची.

आता मशीन. इथे मी जरा फटकळ बोलणार आहे. आपल्याकडे कोणाही बाईवर वेळ आली की तिला शिलाई मशीन द्यायचं हे ठरलेलं आहे. फोटो छान येतो. तिला शिवण आवडतं का, गावात आधीच किती जणी शिवतात, मशीन ठेवायचं कुठे, हे कोणी विचारत नाही. मंगल भावाच्या घरात राहते. तुम्हीच लिहिलंय, मशीन मधल्या खोलीत होतं आणि टीव्हीही तिथेच. दिवसा शिवायला बसली की ‘घरीच आहेस तर’ या तीन शब्दांनी तिला उठवलं जात असणार. घरीच आहेस तर कुकर लाव, घरीच आहेस तर पोरांचं बघ. वहिनी दुष्ट असायची गरज नाही, घर लहान असलं तरी पुरतं.

घरून काम वाईटच असं मात्र नाही. लिज्जतचं बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेलं काम. पापड घरीच लाटायचे, पण पीठ केंद्रावरून आणायचं, पापड केंद्रावर द्यायचे, मजुरी तिथेच घ्यायची. काम घरात असलं तरी हिशोब घराबाहेर होतो. मंगलचा हिशोब कुठे होत होता? तुम्ही लिहिता, गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून पैसे दिले तरी ‘माझ्याकडे काही आलं नाही’ म्हणायची, आणि तुम्हाला ते लपवाछपवीचं वाटलं. तिचं बँकेचं खातं लग्नानंतरचं आहे ना? मग त्या खात्याला मोबाइल नंबर कोणाचा आहे, हे आजच्या आज विचारा. मी किती जणींच्या बाबतीत पाहिलंय, ब्लाउजचे दीडशे रुपये खात्यात पडतात आणि मेसेज वाजतो नवऱ्याच्या खिशात. पैसे किती, कधी, कोणाकडून, सगळं त्याला कळतं. एटीएम कार्डही तिकडेच राहिलेलं असतं.

म्हणून कोणत्याही नोकरीच्या आधी हे करा. आधार केंद्रावर जाऊन आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडा. बोटांचे ठसे दिले की झालं, वेगळा कागद लागत नाही. मग शक्यतो वेगळ्याच बँकेत नवं खातं, शून्य शिलकीचं चालेल, आणि सरकारी योजनांचे पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार या खात्याला जोडून घ्या. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार चालू असतील तर तेही आधार ज्या खात्याला जोडलंय तिथेच जातात. फोनमध्ये व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडं आहे का, लोकेशन कोणाला जातंय का, हेही एखाद्या जाणत्या मुलीला बसवून तपासून घ्या.

शाळेच्या नोकरीबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, म्हणून थोडं सावकाश. ती कोर्टात तारखेला गेली होती. तारीख तिने ठरवली नव्हती. मुख्याध्यापिकांना तुम्ही सांगून ठेवलं होतं, की कोर्टकचेरीचं काही नाही. मग तिने रजा मागताना कारण काय द्यायचं? खरं सांगितलं असतं तर तुम्ही खोट्या पडला असता. बाई, मला तरी असं वाटतं, की ती तुमच्याशी खोटं बोलली नाही, तुमचा शब्द राखायला खोटं बोलली.

पहिल्या वेळी तुम्ही सगळं सांगितलंत, तिसऱ्या वेळी काहीच नाही. दोन्ही वेळा ‘तुझ्याबद्दल काय सांगू?’ हे तिला विचारायचं राहिलं. दुकानात सगळं सांगितल्याने ती कामगार न होता बिचारी झाली. बिचारीला पगार वाढवून मागता येत नाही, आणि बाकीच्या मुली डबा खाताना तिच्या हातावरचे वण शोधतात. शिफारस करताना तिच्या कामाबद्दल बोला. अडचणीबद्दल मालकाला जेवढं लागेल तेवढंच, तेही तिच्या परवानगीने : ‘महिन्यातून एखादा दिवस तिला कोर्टाचं काम असतं, तारीख आधी कळवेल, तो दिवस भरून काढेल. आणि तिची चौकशी करत कोणी आलं, फोन केला, तर ती इथे आहे की नाही हे सांगायचं नाही.’ एवढं ऐकून जो मालक नाही म्हणेल, तिथे ती तशीही टिकली नसती. शिवाय प्रत्येक तारखेला तिने हजर राहायलाच हवं का, हे वकिलांना विचारा. कधी सूट मागता येते, पण वकील आपणहून सांगतीलच असं नाही. काम असं बघा जिथे सुट्टी रविवारी न येता आठवड्यात मधे येते, किंवा पाळी बदलून मिळते.

पत्रात एक वाक्य तुम्ही ओघात लिहिलंय, ‘गणितात विशेष’. चार पानांत तिला काय येतं याबद्दल एवढंच आहे. बाकी सगळं तिला काय झालं याबद्दल. मग गणितात हुशार मुलीला आपण साड्यांच्या घड्या, ब्लाउज आणि शाळेतली झाडझूड का शोधून दिली? आयाच्या कामात कमीपणा काहीच नाही. पण कर सल्लागाराच्या ऑफिसात बिलं चढवणारी, औषधांच्या होलसेलरकडे स्टॉक मोजणारी, पतसंस्थेत मागच्या टेबलावर खतावणी करणारी मुलगी लागतेच. ही कामं आतल्या खोलीतली आहेत, काउंटरवरची नाहीत, हा तिच्यासाठी आणखी एक फायदा. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स आणि हिशोबाचं टॅली झालं तर दार उघडतं. बारावी राहिलीय, त्याला बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच, तुम्हीच कित्येकांचे भरून घेतले असतील. तिला धंदाच करायचा असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत बँका मोफत निवासी प्रशिक्षण देतात. मात्र ‘निवासी’ म्हटलं की मुलीला कोणाकडे ठेवायचं, हा प्रश्न आधी सोडवा. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या आणि ‘उमेद’च्या बचत गटांतल्या बायकांना तालुक्यात कुठे माणूस हवंय हे आधी कळतं, तिथेही कानावर घाला.

ही सगळी माझी कल्पना झाली. तिची वेगळी असू शकते. तिला विचारल्यावर ती म्हणाली की मला शिवणच करायचंय, तर शिवणच.

आणि मुलाखतीची तालीम करा. आमच्या केंद्रात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून मी हे कितीतरी जणींकडून करून घेतलंय. समोरचा दोन प्रश्न हमखास विचारतो. ‘नवरा काय करतो?’ आणि ‘मधली वर्षं काय केलंत?’ एक बाई पहिल्या प्रश्नालाच रडायची, प्रत्येक वेळी. सहाव्या तालमीला तिने मान वर करून सांगितलं, ‘मी माहेरी राहते, मुलीच्या शाळेची वेळ सोडून बाकी वेळ मोकळी आहे,’ आणि लगेच पगार किती ते विचारलं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारच्या खोलीतून शिपाई बघायला आला. उत्तर खोटं नको, पण पूर्ण कहाणी द्यायला ती बांधील नाही.

कागदपत्रांचं मात्र तुमच्यासारख्या बाईंनीच मनावर घ्यावं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि तेव्हापासून मंगलचे कागद दोन बायकांचे झाले. दहावीचं गुणपत्रक एकीचं, आधार दुसरीचं. नोकरी देणारा गोंधळतो आणि ही ओशाळते. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर दोन्ही नावं जोडता येतात. नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रात नावाची नोंद हा रस्ता आहे. तिला मंगलच व्हायचं असेल तर तोही तिचा निर्णय, घाई करू नका. गुणपत्रक सासरी अडकलं असेल तर ते मागायला तिने जायचं नाही. दुय्यम प्रतीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करता येतो. शाळा तुमचीच आहे. दागिने आणि तिच्या वस्तू परत मिळवण्याचा आदेशही याच कायद्याखाली मागता येतो.

तुम्ही लिहिता, तिचा भाऊ म्हणतो की पगार सुरू झाला तर पोटगी बंद होईल, म्हणून करायचंच तर रोखीने आणि गुपचूप कर. हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो तिला खड्ड्यात घालेल. बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, तिचं भागतं का हे बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं आहे. त्याच निकालाने दोघांनाही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. तिथे लपवलेला सहा हजारांचा पगार उघडा पडला, तर तिच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जाईल. लपवायचं काही नको. पगार खात्यात, स्लिप फायलीत.

आता पुणे. रागावू नका, पण तुम्ही लिहिलेलं ‘दोघींचंही भलं’ मी दोनदा वाचलं. तुमच्या मुलीला मदत हवी आहे हे खरं, आणि मंगलला गावापासून लांब जायचं असेल तर तेही योग्यच असेल. पण राहतं काम म्हणजे घर आणि नोकरी एकाच माणसाच्या हातात. बाळ रात्री दोनला रडलं तर कामाची वेळ कुठली? पगार पटला नाही तर बोलणार कोणाशी? तुमच्या मुलीशी, म्हणजे तुमच्याशीच, आणि तुमच्या उपकाराखाली ती आधीच वाकलेली आहे. नोकरी सोडली तर त्याच रात्री डोक्यावरचं छप्परही जाईल. असं एक घर ती सोडून आलीय. तिची लेक त्या घरात कोणाच्या खोलीत झोपणार, हेही पत्रात नाही.

तिला स्वतःलाच पुण्याला जायचं असेल तर जाऊ दे, पण राहायची सोय वेगळी बघा. नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, काहींत लहान मुलांसह राहता येतं. तुमच्या मुलीकडे काम करायचंच असेल तर ठरलेल्या तासांचं, ठरलेल्या पगाराचं, आठवड्याच्या सुट्टीचं, आणि संध्याकाळी आपल्या खोलीवर परत जायचं. एक लक्षात ठेवा, बाई जिथे राहते किंवा जिथे नोकरी करते, तिथल्या न्यायालयातही या कायद्याखाली अर्ज करता येतो. चालू अर्जाचं काय करायचं हे मात्र निघण्याआधी वकिलांशी बोलून ठरवा. आणि कुठेही, कधीही नवरा अंगावर आला तर पोलिसांना ११२ वर फोन. सल्ला, निवारा हवा असेल तर १८१, किंवा जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर.

हे सगळं एका दमात तिला सांगू नका. तिला घरी बोलावू नका, वहिनीसमोर बोलू नका. शाळेच्या मागच्या कट्ट्यावर किंवा देवळात, जिथे तिला बरं वाटेल तिथे बसा आणि तिन्ही नोकऱ्यांबद्दल एकच विचारा, ‘तिथे काय झालं?’ मग गप्प बसा. शिक्षकांना ते जड जातं, मला माहीत आहे, माझी आई शिक्षिका होती.

फोटोचं तिला सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मी असते तर सांगितलं असतं.

आणि पुढची तारीख कधी आहे ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिलीचा वर्ग साडेबाराला सुटतो असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी तिच्या लेकीला शाळेतून आणायला कोणीतरी लागेल.